मोकळ्या दगडावरची वेल

कार्यक्रमात कुणी माझी ओळख 'शिल्पकार' अशी करून दिली की मी खाली बघतो. लोकांना तो विनय वाटतो. खरं कारण असं की मी शिल्पकार नाही. मी दगडावर अक्षरं कोरणारा माणूस आहे. चाळीस वर्षं दुसऱ्यांची नावं कोरली, माझं स्वतःचं नाव कुठल्याच दगडावर नाही, आणि त्याचं मला दुःखही नाही. एकदाच मला शिल्पकार व्हायची हौस आली होती. ती कशी भोवली ते सांगायचंय, पण एकदम तिथं जायला मन धजत नाही. म्हणून आधी इकडचं तिकडचं सांगतो.

नाशिकला तपोवनाच्या रस्त्याला माझी पत्र्याची शेड होती. होती म्हणायचं, कारण कुंभमेळ्यासाठी रस्ता रुंद करताना तिचा पुढचा भाग गेला आणि उरलेल्यात मुलगा टाइल्स विकतो. त्याच्याकडेही अक्षरं होतात, पण मशीनवर. रबराचा कागद चिकटवायचा, वाळूचा फवारा मारायचा, अर्ध्या तासात नाव तयार. वाईट काम नाही ते. फक्त त्या अक्षरांना तळ सपाट असतो. आम्ही छिन्नीनं अक्षर कोरायचो ते दोन्ही बाजूंनी उतरतं, मधोमध धार येईल असं. त्यामुळे उन्हात एक बाजू उजळते आणि एका बाजूला सावली पडते. अक्षर वाचता येतं ते त्या सावलीमुळे. आपल्याकडचा दगड मात्र काळा, त्यात सावलीही काळीच. मग पांढरा रंग भरावा लागतो. इतकी मेहनत करून शेवटी रंगानं वाचायचं, असं आमच्या धंद्याचं नशीब आहे.

आमच्याकडचं सगळ्यात चंचल काम म्हणजे कोनशिला. एका इमारतीची कोनशिला मी कोरून ठेवली आणि उद्घाटनाच्या आत मंत्री बदलले. दगड चांगला होता, टाकवेना. मी तो उलटा केला आणि मागच्या बाजूनं नव्या साहेबांचं नाव कोरलं. जुने साहेब आजही त्या भिंतीत तोंड करून आहेत. पुढं दोघं एकाच पक्षात गेले तेव्हा मलाच बरं वाटलं.

दुसरे एक गिऱ्हाईक पिंपळगाव बसवंतचे कांद्याचे व्यापारी. देवळाच्या पायरीवर नाव कोरून घ्यायची आपल्याकडे रीत आहे. भक्तांची पायधूळ नावावर पडावी, अहंकार झिजावा, हा त्यातला हेतू. या शेठनी नवराबायकोचं नाव कोरून घेतलं आणि काही वर्षांनी तक्रार घेऊन आले की नाव पुसट झालंय. मी म्हटलं, शेठ, झिजलं म्हणजेच पुण्य पदरात पडलं की. ते म्हणाले, ते खरंय, पण पुन्हा एकदा खोल कोरून द्या. कांदा साठवायची सवय लागलेला माणूस पुण्यही कांद्याच्या चाळीत भरून ठेवणार.

आता एक आमच्या घरची पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. दगडाला खोडरबर नाही. एक वेलांटी चुकली की पूर्ण दगड वाया. म्हणून माझे वडील दगडावर आधी गेरूनं नाव लिहायचे आणि गिऱ्हाइकाच्या घरच्या माणसाला बोलवायचे. त्यानं प्रत्येक अक्षरावरून बोट फिरवायचं, 'बरोबर' म्हणायचं, मगच पहिला घाव. मीही तेच केलं. खरं तर ही तपासणी. पण माणसं तपासत नाहीत. नाव गेलेल्या माणसाचं असेल तर बोट फार हळू फिरतं, आणि तेवढा वेळ आम्ही हत्यारं खाली ठेवून दुसरीकडे बघतो.

दहाबारा वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या माजी सैनिकांनी आणि रहिवाशांनी मिळून एक समिती केली. जिल्ह्यातल्या शहीद जवानांचं स्मारक बांधायचं ठरलं. समितीचे प्रमुख सुभेदार होते. तोफखान्यात आयुष्य गेलेलं, देवळाली कॅम्पला घर. तोफांजवळ राहून कान गेलेले, त्यामुळे ते साधं 'चहा घेणार का' म्हणाले तरी रस्त्यावरचा माणूस थांबायचा.

या कामाच्या मुळाशी एक जुनी पाटी होती. इंग्रजांच्या काळातली, संगमरवराची, एका पडायला आलेल्या भिंतीत सापडलेली. महायुद्धावर इथून इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढंच तिच्यावर होतं. नाव एकाचंही नाही. सुभेदारांनी ती मला दाखवली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "मोजली, पण कुणी नाव विचारलं नाही." नवं स्मारक म्हणजे त्या पाटीला दिलेलं उत्तर होतं. ती पाटी मागच्या बाजूला बसवायची आणि पुढं फक्त नावं, असं ठरलं.

आराखडा पुण्याच्या एका तरुण आर्किटेक्ट मॅडमनी केला. समितीतल्या काहींना रणगाडा हवा होता, काहींना उलटी बंदूक आणि तिच्यावर टोपी. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि एक उभी काळ्या दगडाची भिंत काढून आणली. पॉलिश नाही, बाहेरचा ग्रॅनाइट नाही, इथलाच दगड, फक्त टाकीनं सारखा केलेला. हुद्दे कोरायचे नाहीत. जो आधी गेला त्याचं नाव आधी. यावर सुभेदार आठवडाभर भांडले, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर शिपायाच्या खाली अधिकारी येत होता. शेवटी तेच म्हणाले की वर गेल्यावर कोण कुणाला सॅल्यूट करतो कुणास ठाऊक.

आणि सगळ्या नावांच्या खाली मॅडमनी सात ओळींची जागा मोकळी ठेवली होती.

आम्हा लोकांना मोकळा दगड खटकतो. पण कागदावर होतं, मी कागदाप्रमाणे ओळी आखल्या. दगड उभे करून जागेवरच कोरायचे होते. गेरूनं सगळी नावं लिहून झाली आणि घरच्यांना बोलावणं गेलं.

सगळ्यात शेवटचं नाव रामदासचं होतं. त्याची आई हौसाबाई पिंपळगावजवळच्या खेड्यातून एस.टी.नं आली. साठीच्या पुढची, हात द्राक्षबागेत काम करून खरबरीत झालेले. शाळेत गेलेली नव्हती, पण मुलाचं नाव तिला चित्रासारखं पाठ होतं. तिनं रामदासच्या नावावरून बोट फिरवलं, एकदा, मग पुन्हा. तिसऱ्यांदा बोट नावावर थांबलंच नाही, खालच्या मोकळ्या दगडावर उतरलं.

"हितं कोण?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, इथं कुणी नाही, मोकळी ठेवलीय.

"कुणासाठी?"

या प्रश्नाला दहा उत्तरं देता आली असती. शोभेसाठी, हवेसाठी, मॅडमना विचारा. मी मेला सरळ बोलून गेलो, "पुढं लागली तर."

हौसाबाईंनी बोट काढून घेतलं. मग म्हणाल्या, "रामदासचा पोरगा मागल्या महिन्यात भरती झाला, भाऊ. नाय म्हनलं तरी ऐकला नाय." आणि थोड्या वेळानं, "पाट मांडून ठिवला की जेवनारा येतोच. तुमी पाट मांडून ठिवलाय."

त्या सुभेदारांकडेही गेल्या. सुभेदारांनी त्यांना समजावलं की सैन्य आहे तोवर हे चालायचंच, पुढच्यांची सोय आत्ताच केलेली बरी. हौसाबाईंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्या पुन्हा आल्या आणि भिंतीपाशी खाली बसल्या, त्या मोकळ्या जागेला पाठ टेकून. संध्याकाळच्या गाडीनं परत गेल्या. असं रोज. मी वरची नावं कोरत होतो, दगडाचा भुगा त्यांच्या डोक्यावर पडायचा, त्या पदरानं झटकायच्या आणि तिथंच बसायच्या. पाठीनं जागा झाकून बसलेली ती बाई बघून माझे घाव चुकायला लागले. वडील सांगायचे, मन थाऱ्यावर नसेल त्या दिवशी हत्यार धरू नकोस. मी धरत राहिलो, कारण कार्यक्रम पंधरा दिवसांवर आला होता.

चौथ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, आजी, उठा जरा, इथं काम आहे.

कुणाला न विचारता मी त्या मोकळ्या सात ओळींवर द्राक्षाची वेल काढली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पानं, वेटोळे घेणारे ताणे, मध्ये दोन घड. फार्महाऊसच्या फाटकांवर अशा वेली मी खूप केल्या होत्या, पण त्या नुसत्या रेघांच्या. ही उठावाची केली. उठाव म्हणजे पान आहे तसं ठेवायचं आणि आजूबाजूचा दगड अर्धं बोट खाली उतरवायचा, की पान वर उचलून येतं. सहा दिवस लागले. सुभेदारांना मी सांगितलं की किनार करतोय, आणि गोणपाट टांगून ठेवलं.

हे मी हौसाबाईंसाठी केलं, असं इतकी वर्षं सांगत आलो. ते खरं आहे, पण अर्धं. रेघांची वेल दोन दिवसांत झाली असती आणि दगडाचा पृष्ठभागही शाबूत राहिला असता. उठावाची केली ती माझ्या हौसेपायी. जन्मभर अक्षरं कोरली, एकदा लोकांनी थांबून बघावं असं काहीतरी आपल्या हातून व्हावं असं वाटलं. तो माज होता. दुसऱ्याच्या दुःखाच्या आडोशानं केलेला माज.

गोणपाट काढल्यावर सुभेदार दोन मिनिटं नुसते बघत राहिले. मग सगळ्या चौकाला कळलं की हे शहीद स्मारक आहे, वायनरीचं गेट नाही. तेवढ्यात त्यांची नजर हौसाबाईंकडे गेली. त्या भिंतीला पाठ लावून नव्हत्या, समोर उभ्या राहून वेल बघत होत्या. सुभेदारांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि चहा मागवला. मॅडमना फोटो पाठवला तर त्यांचा फोन आला. रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, "काका, ती जागा रिकामी नव्हती." मला तेव्हा ते आर्किटेक्टचं बोलणं वाटलं.

पेपरात वेलीचा फोटो आला, खाली माझं नाव आणि 'शिल्पकार'. ते कात्रण मी जपून ठेवलं. हौसाबाईंचं रोजचं येणं थांबलं. मीही वर्षदोन वर्षं त्या रस्त्यानं जाताना मान वर करून जायचो.

मग चार वर्षांपूर्वी पेठकडच्या डोंगरातला एक जवान गेला. बातमी कळली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. त्या मुलाला मी ओळखत नव्हतो. मला दगड दिसत होता.

समितीची बैठक झाली. कुणी म्हणालं, शेजारी वेगळा छोटा दगड उभा करू, ग्रॅनाइटचा, छान दिसेल. मुलाचे वडील आले होते, सडपातळ, हातात पिशवी धरून दाराशी उभे. त्यांना विचारलं तर हळू आवाजात म्हणाले की पोरगा तिकडं सगळ्यांबरोबर एका खोलीत राहायचा, इथं त्याला एकट्याला का बसवता. त्यानंतर ग्रॅनाइटचं नाव कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुभेदार शेडवर आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना हळू बोलताना ऐकलं. "वेल काढता येईल का?"

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. पानं उडवता येतील, पण उडवल्यावर दगड वरच्या नावांच्या पातळीला राहणार नाही. मी आधीच तो खाली उतरवून ठेवलाय. बाकी सगळी नावं एका सपाटीत आणि या मुलाचं नाव अर्धं बोट खड्ड्यात. दगडातून काढता येतं, दगडात घालता येत नाही. रेघा मारल्या असत्या तर अर्धा दिवस घासून जागा मोकळी झाली असती. हे शेवटचं वाक्य मी त्यांना सांगितलं नाही.

मी म्हटलं, हौसाबाईंना विचारावं लागेल. सुभेदार म्हणाले, तू विचार. बरोबरच होतं ते.

मी पिंपळगावला गेलो. द्राक्षं निघायचे दिवस होते, हौसाबाई पॅकहाऊसमध्ये घडांतले खराब मणी कात्रीनं काढत बसल्या होत्या. नातू कसा आहे विचारलं. बरा हाय म्हणाल्या, लय लांब हाय. मग मी अडखळत सगळं सांगितलं, की तुमच्यासाठी वेल कोरली होती, आता ती काढायची वेळ आलीय. त्यांची कात्री थांबली नाही.

"कोरायला मी कवा सांगितलं होतं, भाऊ? मी इचारलं होतं, कुणासाठी ठिवली." एक मणी कापून त्यांनी बाजूला टाकला. "आता कळलं कुणासाठी. काढ. पन लागल तेवढंच काढ."

काम सुरू केलं त्या दिवशी त्या आल्या. पेठहून त्या मुलाची आईही आली होती. दोघी शेजारी बसल्या. मी गोणपाटावर मांडी घालून पहिलं पान उडवलं. 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' हे वाक्य मी कित्येक भाषणांत ऐकलंय. ते म्हणणाऱ्यांपैकी कुणी स्वतःचंच कोरलेलं फोडून पाहिलं आहे का, मला माहीत नाही. एका ओळीपुरती पानं काढायची होती. मी सहा दिवसांत कोरलेलं होतं, त्यातलं तेवढं दुपारपर्यंत गेलं. पडलेले तुकडे हौसाबाई वेचून पदरात घेत होत्या. कशाला घेता, असं विचारायचं मला सुचलं नाही.

जागा सारखी केली, गेरूनं नाव लिहिलं आणि त्या मुलाच्या आईला पुढं बोलावलं. वरच्या नावांवरून तिचा हात खाली आला आणि त्या खोलगट जागेत उतरला. मी हत्यारं खाली ठेवली. दुसरीकडे बघायची पद्धत आहे, पण मला बघवलंही नाही आणि मान फिरवताही आली नाही. मी म्हणालो, बाई, चूक माझी आहे, तुमच्या मुलाचं नाव खोलात गेलं.

तिनं बोट पूर्ण फिरवलं. मग त्या खड्ड्याच्या काठावरून हात फिरवला, चारी बाजूंनी, खोलीची मापं घ्यावी तसा.

"असू दे," ती म्हणाली. "आडोसा झाला. वारा नाय लागनार."

तिनं मला माफ केलं असेल. मी अजून केलेलं नाही.

तेव्हापासून मला चैन नाही, हे लपवून उपयोग नाही. डॉक्टर म्हणतात झोप कमी आहे. टी.व्ही.वर सीमेवरची काही बातमी आली की मुलगा चॅनल बदलतो. मी उठून पायीपायी स्मारकाकडे जातो. वेलीच्या उरलेल्या पानांकडे बघतो. पूर्वी ती मला पानं दिसायची. आता मला त्यांच्याखालच्या ओळी दिसतात, मी स्वतः आखलेल्या. मॅडम म्हणाल्या होत्या तसं, ती जागा रिकामी नव्हती. तिथं माणसं होती, अजून जिवंत, आपापल्या घरी जेवत असलेली. मी वेल कोरून त्यांच्यावर पांघरूण घातलं, एवढंच.

यंदा पावसाळा संपता संपता असाच तिथं उभा होतो. एक जवान आला, साध्या कपड्यांत, पण उभं राहण्यावरून कळतं. सरळ रामदासच्या नावापाशी गेला, हात टेकवला, कपाळ लावलं. मी ओळखलं. हौसाबाईंचा नातू, सुट्टीवर आलेला. मी पुढं होऊन माझं नाव सांगितलं, तर माझ्या पाया पडला. आजी तुमचं नाव घेते म्हणाला. तिनं देवघरात दगडाची पानं ठेवलीत, सकाळी दिव्याबरोबर त्यांनाही हात जोडते.

मग तो खाली वाकला. पेठच्या मुलाच्या नावावरून त्यानं बोट फिरवलं, पुढं वेलीवर नेलं आणि पानांवरून अगदी शेवटपर्यंत गेला. सैनिक माणूस, जागेचा अंदाज त्याला माझ्याइतकाच असणार.

"काका, अजून किती बसतील यात?"

सात ओळी होत्या, एक भरली. उत्तर मला पाठ होतं. चाळीस वर्षांत मापाच्या बाबतीत मी कुणाशी खोटं बोललो नव्हतो.

"एकही नाही," मी म्हटलं. "दगड भरला."

तो माझ्याकडे बघून हसला. हौसाबाईंच्या चेहऱ्यावर मी हसू कधी पाहिलं नव्हतं, पण ते असतं तर असंच असतं. त्यानं पिशवी खांद्याला लावली.

"आजीनं विचारलं तर तिलाही हेच सांगा," तो म्हणाला, आणि एस.टी. गाठायला निघून गेला.